क्षयरोगाचे नवे औषध आणि गावातील जुनी भीती

शेतातली हळद निघाली होती आणि गावोगावी शिजवणीची लगबग चालू होती. त्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यात एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. घरातील तरुण मुलगा दोन महिन्यांपासून खोकत होता. हळदीच्या भुकटीने घसा धरला आहे, असे घरातील पुरुषमंडळी आम्हाला सांगत होती. निघताना मात्र त्याच्या आईने आम्हाला अंगणाच्या कडेला थांबविले व हळू आवाजात म्हणाली, "फादर, बेडका तपासला. मोठा टीबी निघालाय म्हणे. पण आम्ही त्याला धाडणार नाही. माझ्या धाकट्या दिराला ती सुई चालू होती. माणूस वाचला, पण दोन्ही कान गेले. आता त्याला हाक मारली तरी कळत नाही. पोराचं लग्न व्हायचंय अजून."

त्या माउलीचे म्हणणे खोटे नव्हते. तिच्या दिराचे जे झाले ते आपल्या देशात हजारो रुग्णांच्या बाबतीत झाले आहे. परंतु ज्या सुईची तिला भीती वाटत होती, ती सुई आता या आजाराच्या नेहमीच्या उपचारात राहिलेली नाही. तिची जागा गोळ्यांनी घेतली आहे आणि त्यांतील प्रमुख गोळीचे नाव बेडाक्विलीन. औषध बदलले, भीती मात्र तशीच राहिली. त्या भीतीपायी कोणी घरी बसून राहू नये, म्हणून हे औषध काय आहे, ते आपल्यापर्यंत कसे पोहोचले आणि ते घेताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे थोडे विस्ताराने सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही, हे आरंभीच नमूद करतो.

क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. त्यानंतरही साठ वर्षे या रोगावर औषध नव्हते. लिझिएची संत तेरेजा १८९७ साली वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी याच रोगाने निवर्तली. त्या काळी विश्रांती, चांगले अन्न आणि मोकळी हवा यांपलीकडे वैद्यांच्या हाती काही नव्हते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस रिफाम्पिसिन. यांतील आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन यांना पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल यांची जोड देऊन साध्या क्षयरोगावर सहा महिन्यांचा उपचार केला जातो. यांनाच पहिल्या फळीतील औषधे म्हणतात. ती नियमितपणे घेतली तर बहुतांश रुग्ण पूर्ण बरे होतात.

एकाच वेळी तीन-चार औषधे का द्यावी लागतात, असा प्रश्न अनेकजण विचारतात. आजारी फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतील मोजके जंतू निसर्गतःच एखाद्या औषधाला दाद न देणारे असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात, हे मोजके मात्र उरतात आणि वाढतात. दोन-तीन निरनिराळी औषधे एकत्र दिली म्हणजे एकातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. उपचार मध्येच सोडला, गोळ्या अर्ध्या घेतल्या किंवा चुकीची औषधे दिली गेली, म्हणजे निसटलेल्यांचे फावते. जंतूंना जेव्हा आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन ही दोन्ही बलवान औषधे लागू पडेनाशी होतात, तेव्हा त्याला बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोग म्हणतात. आपल्या खेड्यांतून त्यालाच मोठा टीबी किंवा बिघडलेला टीबी म्हणण्याचा प्रघात आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. असा रोग झालेल्या माणसाने आधी औषधे चुकविली असणारच, असे गावात गृहीत धरले जाते आणि त्याला बोल लावला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. औषधाला न जुमानणारे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे थेट त्याच्या फुप्फुसात जातात. ज्याने आयुष्यात क्षयरोगाची एकही गोळी घेतलेली नाही, त्यालाही पहिल्याच खेपेस हा बिघडलेला रोग होऊ शकतो. २०१४ ते २०१६ या काळात आपल्या देशात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी शेकडा २.८४ जणांना आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी शेकडा ११.६२ जणांना बहुऔषध-प्रतिरोधी रोग असल्याचे आढळले. प्रमाण लहान दिसते, पण देश मोठा आहे. जगातील अशा रुग्णांपैकी चतुर्थांशाहून अधिक रुग्ण एकट्या भारतात आहेत.

पहिली फळी कोसळली म्हणजे दुसऱ्या फळीतील औषधांकडे वळावे लागते. या शतकाच्या पहिल्या दशकात, म्हणजे २००७ पासून, महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत सरकारी कार्यक्रमातून असा उपचार सुरू झाला. तो दोन वर्षांचा किंवा त्याहून थोडा अधिक काळाचा असे. पहिले सहा ते नऊ महिने जवळजवळ रोज कॅनामायसिनचे इंजेक्शन, सोबत मूठभर गोळ्या. दीडशे-दोनशे वेळा सुई टोचून घेतलेल्या माणसाला बसताही येत नसे. मळमळ, उलट्या, सांधेदुखी हे नित्याचेच. सायक्लोसेरीन नावाच्या गोळीने काहींना उदासीनता येई, भास होत. घरचे लोक बाहेरची बाधा समजून भगताकडे नेत. कॅनामायसिन व त्याच्या जातीची इतर इंजेक्शने तर कानाच्या आतील सूक्ष्म केशपेशी नष्ट करीत. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. प्रारंभी कानात घंटा वाजल्यासारखा आवाज येतो, मग बोलणे अस्पष्ट होते आणि मग शांतता पसरते. आजार बरा झाला तरी गेलेले कान परत येत नाहीत. इतके सोसूनही हा उपचार पूर्ण करून बरे होणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहत असे. ज्यांनी उपचार मध्येच सोडला त्यांना दोष देण्यापूर्वी हे सारे ध्यानात घ्यावे, असे आम्हाला वाटते.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची कहाणी या संदर्भात सांगणे उचित होईल, कारण बेडाक्विलीनच्या इतिहासात त्यांचे नाव नोंदले गेले आहे. महाविद्यालयात शिकत असताना, २००७ साली, त्यांना आतड्याचा क्षयरोग झाला. त्यातून त्या बऱ्या झाल्या. २०१३ साली रोग उलटला, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि कॅनामायसिनची इंजेक्शने सुरू झाली. त्याच वर्षी त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ संपूर्ण गेली. त्या भरतनाट्यम नृत्य शिकलेल्या. ऐकू येत नसतानाही पुढे त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या आणि पत्रकार म्हणून काम करू लागल्या. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतील फुमेझा तिसिले या तरुणीच्या वाट्यालाही हेच आले होते. त्याच इंजेक्शनाने तिचेही कान गेले होते. या दोघी पुढे एकत्र कशा आल्या, ते ओघात येईलच.

रिफाम्पिसिननंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ क्षयरोगासाठी नव्या जातीचे एकही औषध आले नाही. हा रोग प्रामुख्याने गरिबांचा असल्याने त्यात नफा नाही, हे त्याचे एक मोठे कारण होते. ही कोंडी फुटली ती बेल्जियममधील यान्सेन या कंपनीत. कोन आंद्रिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक द्रव्य शोधून काढले. त्यालाच पुढे बेडाक्विलीन हे नाव मिळाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१२ च्या अखेरीस त्याला मान्यता दिली.

हे औषध जंतूला मारते कसे? छत्रपती संभाजीनगरची, पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. वरून पाणी पडते, चाक फिरते आणि त्या फिरण्यावर जाते चालते. क्षयरोगाच्या जंतूच्या पेशीच्या आवरणातही असेच एक अतिसूक्ष्म चाक असते. त्यावरून पाण्याऐवजी विद्युत्भारित कण वाहतात, चाक फिरते आणि जंतूला जगण्यासाठी लागणारी ऊर्जा तयार होते. बेडाक्विलीन नेमके त्या चाकाच्या आऱ्यांत जाऊन अडकते. चाक थांबले, ऊर्जा संपली आणि जंतू उपाशी मरतो. आपल्या पेशींतही अशी चाके आहेत, परंतु त्यांची घडण थोडी वेगळी असल्याने हे औषध त्यांना सहसा अडकत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आधीची बरीच औषधे वाढणाऱ्या जंतूंवर अधिक परिणाम करतात. निपचित पडून राहिलेले जंतू त्यांतून निसटतात व पुढे रोग उलटतो. निपचित जंतूलाही ऊर्जा मात्र लागतेच. त्यामुळे बेडाक्विलीन त्यालाही गाठते. शिवाय जुन्या औषधांपैकी एकाही औषधाने हे चाक धरलेले नसल्याने, त्या औषधांना न जुमानणारा जंतूही या नव्या औषधापुढे नमतो.

असे असूनही पहिली काही वर्षे हे औषध फार हात राखून दिले गेले. सुरुवातीच्या एका चाचणीत बेडाक्विलीन घेणाऱ्या ७९ रुग्णांपैकी १० दगावले आणि न घेणाऱ्या ८१ पैकी २. त्या मृत्यूंचा औषधाशी संबंध आहे असे सिद्ध झाले नाही, तरी मनात शंका राहिली. दुसरीकडे, त्याच चाचणीत चोवीस आठवड्यांत थुंकी जंतुमुक्त होणाऱ्यांचे प्रमाण बेडाक्विलीन घेणाऱ्यांत शेकडा ७९ होते, तर न घेणाऱ्यांत ५८. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर या औषधाचा परिणाम होतो, हेही कळले होते. भारतात २०१६ साली दिल्ली, मुंबई, चेन्नई, अहमदाबाद व गुवाहाटी या पाच शहरांतील सहा रुग्णालयांतून, कडक अटींवर, त्याचे वाटप सुरू झाले. हिंगोली, परभणी, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील रुग्णाला त्या काळात हे औषध जवळपास मिळणे शक्यच नव्हते.

त्या अटींची धग किती होती, हे पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणातून दिसले. दिल्लीच्या रुग्णालयात तिला बेडाक्विलीन नाकारण्यात आले. ती दिल्लीची रहिवासी नाही, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये समझोता होऊन तिला औषध मिळण्याचा मार्ग मोकळा झाला आणि पुढे मुंबईत तिच्यावर उपचार झाले. औषधाने थुंकी सुधारली, पण तोवर फुप्फुसांची फार हानी झाली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती मरण पावली. औषध जपून वापरले पाहिजे, हे म्हणणे चुकीचे नाही. ते जपता जपता रुग्ण गेला, तर मात्र जपले कोणासाठी, हा प्रश्न आम्हाला आजही पडतो.

पुढे दक्षिण आफ्रिकेतील हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा बेडाक्विलीन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले नसून कमी झालेले आहे, असे निष्पन्न झाले. २०१८ साली त्या देशाने कानांना घातक इंजेक्शने बंद करून त्यांच्या जागी हे औषध देण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन यांची शिफारस मागे घेतली. भारताच्या कार्यक्रमातही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी इंजेक्शनाविना, केवळ तोंडावाटे घ्यावयाच्या गोळ्यांचा उपचार हाच नेहमीचा मार्ग ठरविला.

राहिला प्रश्न किमतीचा. बेडाक्विलीनच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपणार होती. कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षाररूपावर वेगळे पेटंट मागितले होते. ते मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या मागणीला मुंबईच्या पेटंट कार्यालयात हरकत घेणाऱ्यांत २०१९ साली दोन नावे होती : नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा तिसिले. जिने आपले कान गमावले तिला या औषधाचा आता काही उपयोग नव्हता. दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत, यासाठी ही धडपड होती. आपल्या देशाच्या पेटंट कायद्यात एक शहाणपणाचे कलम आहे : जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळविता येत नाही, जोवर त्या बदलाने औषधाचा गुण वाढल्याचे दिसत नाही. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली याच कलमाच्या आधारे निकाल दिला होता. बेडाक्विलीनच्या बाबतीतही तसेच झाले. २३ मार्च २०२३ रोजी, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्याच दिवशी, कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. जुलैनंतर भारतीय कंपन्यांना हे औषध बनविण्याची वाट मोकळी झाली. गरीब देशांसाठी एकत्रित खरेदी करणाऱ्या जागतिक संस्थेला सहा महिन्यांच्या बेडाक्विलीनसाठी २०२० मध्ये सुमारे ३४० डॉलर मोजावे लागत. ऑगस्ट २०२३ मध्ये हा भाव १३० डॉलरवर आला. रुग्णाला आपल्या देशात हे औषध सरकारी कार्यक्रमातून विनामूल्यच मिळते. परंतु सरकारला ते स्वस्त मिळाले, तरच ते हिंगोलीपर्यंत पुरेसे पोहोचणार, हे उघड आहे.

आता आजचा उपचार. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोगासाठी बीपाल-एम या नावाच्या चार औषधांच्या उपचारास मान्यता दिली. बेडाक्विलीन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही ती चार औषधे. कालावधी सव्वीस आठवडे, म्हणजे सहा महिने. गरज पडल्यास तो वाढविला जातो. एकही इंजेक्शन नाही. ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीवर हा उपचार उभा आहे तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या उपचाराने शेकडा ८९ रुग्णांना गुण आला, तर जुन्या पद्धतीने शेकडा ५२ जणांना. मेंदूचा किंवा हाडांचा क्षयरोग असणारे, गरोदर माता व लहान मुले यांच्यासाठी मात्र हा उपचार नाही. त्यांना डॉक्टर दुसरा, बहुधा अधिक लांबीचा, गोळ्यांचाच उपचार देतात. त्या लांब उपचारात क्लोफाझिमिन नावाची एक गोळी असते. तिने त्वचा काळसर-तांबूस होते. कुष्ठरोग्यांच्या सेवेत आयुष्य वेचलेल्या आपल्या धर्मभगिनींना ही गोळी चांगली परिचयाची असेल, कारण कुष्ठरोगातही तीच दिली जाते. मौज अशी की, आयर्लंडमधील शास्त्रज्ञांनी ती मुळात क्षयरोगासाठीच शोधली होती. तो रंग औषध थांबल्यावर हळूहळू उतरतो. लग्नाच्या मुलामुलींना ही गोष्ट आधीच सांगावी, म्हणजे घाबरून गोळ्या टाकून दिल्या जात नाहीत.

नव्या औषधाचे काहीच दुष्परिणाम नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. बेडाक्विलीनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. त्यासाठी उपचारापूर्वी व उपचार चालू असताना वेळोवेळी ईसीजी काढतात. ही तपासणी टाळू नये. छातीत धडधड, चक्कर, भोवळ आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यकृतावरही ताण येतो. डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना उडणे ही त्याची लक्षणे. या काळात दारू पूर्ण वर्ज्य. लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, क्वचित दृष्टी अंधूक होते. वेळीच सांगितले तर डॉक्टर मात्रा कमी करतात वा औषध बदलतात. न सांगता सहन केले तर मुंग्या कायमच्या राहू शकतात. दुसऱ्या आजारासाठी गावातील डॉक्टरांकडे गेल्यास त्यांना चालू गोळ्या आवर्जून दाखवाव्यात, कारण ठोक्यांवर परिणाम करणारी इतरही औषधे आहेत. कानांना मात्र या चार औषधांपासून त्या सुईसारखा धोका नाही.

बेडाक्विलीन घेण्याची रीत थोडी निराळी आहे. पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम, पुढे आठवड्यातून तीन दिवस २०० मिलिग्रॅम. बाकीच्या गोळ्या रोजच्या रोज. रोज आणि तीन दिवस यांत घोटाळा होतो, म्हणून घरातील शाळकरी मुलाकडून दिनदर्शिकेवर खुणा करून घेणे उत्तम. हे औषध जेवणासोबतच घ्यावे. पोटात अन्न असेल तर ते सुमारे दुप्पट शोषले जाते. रिकाम्या पोटी घेतलेले निम्मे वाया जाते. आपल्या काही वडीलधाऱ्या मंडळींचा प्रायश्चित्तकाळात आजारपणातही उपवास धरण्याचा आग्रह असतो. आजाऱ्यावर उपवासाचे बंधन ख्रिस्तसभा घालीत नाही, याची येथे आठवण करून देतो.

आता आम्हाला ज्याविषयी सर्वाधिक सांगावेसे वाटते त्याकडे वळतो. बेडाक्विलीनचा एक विलक्षण गुण आहे. ते शरीरात अतिशय रेंगाळते. इतर बहुतेक औषधे घेणे थांबविले की एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जातात. बेडाक्विलीन निम्मे उतरायलाच पाच महिन्यांहून अधिक काळ लागतो. नियमित घेणाऱ्याला हे वरदानच आहे. पण समजा, तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढले, बरे वाटू लागले आणि रुग्णाने सर्व गोळ्या बंद केल्या. दोन दिवसांत बाकीची तीन औषधे निघून गेली. मागे राहिले एकटे बेडाक्विलीन, तेही दिवसेंदिवस कमी होत जाणारे. लपून राहिलेल्या जंतूंना ते मारण्याइतके पुरत नाही. त्याला तोंड देण्याची सवय मात्र त्यांना महिनोन्महिने लागत राहते. आधी सांगितलेली एकाच औषधाची चूक येथे आपोआप घडते. म्हणून हे औषध मध्येच सोडणे साध्या क्षयरोगाची औषधे सोडण्याहून घातक आहे. बेडाक्विलीनला न जुमानणारे जंतू जगात काही ठिकाणी दिसू लागले आहेत, आपल्या देशातही. या औषधाच्या मागे तितकेच भरवशाचे दुसरे औषध अद्याप रांगेत उभे नाही.

गोळ्या चुकण्यात नेहमी रुग्णाचीच चूक असते असेही नाही. २०२३ मध्ये व २०२४ च्या प्रारंभी देशाच्या अनेक भागांत क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा झाला आणि रुग्णांना रिकाम्या हाताने परतावे लागले, हे वृत्तपत्रांतून आपण वाचले असेल. आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या गोळ्यांची चौकशी करावी आणि त्या नसतील तर आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात व जिल्हा क्षयरोग केंद्रात नेटाने विचारणा करावी. मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

हिंगोली जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास सेनगाव, कळमनुरी, औंढा भागांतील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर किंवा मुंबई-पुण्याकडे कामाला जातात. तांडेच्या तांडे रिकामे होतात. अशा वेळी उपचार सुटतो. प्रत्येक रुग्णाची सरकारी निक्षय प्रणालीत नोंद असते व त्याला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर देशात कोठेही, ज्या गावी जाल तेथील सरकारी दवाखान्यातून, हाच उपचार पुढे चालू ठेवता येतो. जाण्यापूर्वी आरोग्य केंद्रात कळवावे आणि तो क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. भ्रमणध्वनी हरवला तरी कागद राहतो.

तपासणीचा मार्गही आता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीचा नमुना द्यावा. रिफाम्पिसिन लागू पडते की नाही, हे सांगणारी यंत्रे काही तासांत निदान करतात. त्यांतील ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील कंपनीचे असून, लहान दवाखान्यातही चालावे अशीच त्याची रचना आहे. जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे. २०२४ साली राज्यात सुरू झालेल्या दहा महाविद्यालयांत हिंगोलीचा समावेश होता. उपचार चालू असेपर्यंत पौष्टिक आहारासाठी रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा रक्कम जमा होते. ती आधी ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये करण्यात आली. त्यासाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते आणि नेमके तेथेच अनेकांचे पैसे अडकतात. धर्मग्रामातील शिकलेल्या युवक-युवतींनी एखाद्या रुग्णाला बँकेत सोबत करण्याचे काम अंगावर घ्यावे. काही विचारावयाचे असल्यास १८००-११-६६६६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

घरातील इतरांनीही तपासून घ्यावे. भांडी, कपडे, शिवाशिव यांनी हा रोग पसरत नाही. बंद खोलीतील हवेने पसरतो. रुग्णाचे ताट वेगळे करण्यापेक्षा खिडकी उघडी ठेवणे अधिक उपयोगाचे.

ज्या मुलाच्या घरापासून आम्ही सुरुवात केली, त्याच्या आईशी आम्ही त्या दिवशी अंगणातच बराच वेळ बोललो. तिला विश्वास वाटेना. शेवटी तिचा ऐकू न येणारा दीरच पुढे झाला. आमचे बोलणे त्याला पुतणीने पाटीवर लिहून दाखविले होते. त्याने पुतण्याचा हात धरला आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीने तो त्याला हिंगोलीस घेऊन गेला. त्यांच्या अनुमतीने हे लिहीत आहोत. सध्या मुलाच्या उपचाराचा अकरावा आठवडा चालू आहे. दोन ईसीजी झाले, दोन्ही ठीक आले. पायाच्या बोटांना थोड्या मुंग्या येतात, ते त्याने डॉक्टरांना सांगितले आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार या तीन दिवसांच्या खुणा दिनदर्शिकेवर त्याचे काका करतात.